उभयपदी फळी

गेल्या माघांत आम्ही गुलमर्गास गेलों, तें एक फळी निवडावयास. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पहिल्या वर्षाच्या पगारांतून बर्फावर घसरण्याची फळी, म्हणजे स्नोबोर्ड, घेणार होते. “भावोजी, त्याला धडधाकट परत आणा,” एवढीच त्याच्या मातोश्रींची आज्ञा होती.

श्रीनगरपासून सुमारें ५० किलोमीटरांवर, २६५० मीटर उंचीवर, हें परातीसारखें कुरण पसरलें आहे. येथून केबल-कार दोन टप्प्यांनीं कोंगडोरीवरून अफरवतच्या खांद्यापर्यंत चढते. वर भुसभुशीत, खोल हिम. खालीं दाबून सपाट केलेले उतार. एकाच डोंगराचे हे दोन स्वभाव. १९६५ सालीं मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन यांनीं मुलींच्या खेळासाठीं दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्याची पुढें विद्या झाली आणि १९९८ सालीं नागानो येथें ती ऑलिंपिकांत दाखल झाली.

फळ्या भाड्यानें देणाऱ्या वृद्ध काश्मिरी गृहस्थांनीं विचारलें, “काय काय येतें?” चिरंजीव उत्तरले, “सर्व येतें.” आम्ही गप्प राहिलों. छत्तीस वर्षें वर्गांत आम्हीं हेंच उत्तर ऐकलें होतें.

पहिल्या दिवशीं त्यांनीं लांब व ताठ फळी उचलली. ती वळविण्यास वेग व बळ लागतें. सायंकाळीं स्वारी मनगट धरून परतली. दुसऱ्या दिवशीं आंखूड, लवचिक फळी घेतली. उंचवट्यावरून उडी सुरेख साधली. परंतु कठीण बर्फावर ती थरथरली आणि खोल हिमांत तिचें टोंक बुडालें. तिसऱ्या सकाळीं चिरंजीव हळूच म्हणाले, “वळणें येतात, लहान उडी येते, उलट पाय पुढें करून मात्र नीट येत नाहीं.”

तेव्हां कोठें वृद्धांनीं खरी फळी काढली. उभी केली असतां हनुवटी व नाक यांच्यामध्यें पोंचणारी. पण उंचीपेक्षां वजनाचा विचार अधिक. लवचिकपणा मध्यम. पायांखालीं किंचित् कमान, टोंकें होडीसारखीं उचललेलीं. रुंदी एवढी, कीं बुटाचीं टोंकें पोलादी कडेबाहेर फार डोकावूं नयेत. नाहींतर वळतांना तीं बर्फांत घांसतात. खोल हिमांत पायांचे बंद थोडे मागें सरकवावे, म्हणजे अग्र तरंगतें. दोन्ही टोंकें सारखीं. म्हणून कोणताही पाय पुढें चालतो. संस्कृतांत कांहीं धातु परस्मैपदीं व आत्मनेपदीं दोन्हीकडे चालतात. त्यांना उभयपदी म्हणतात. ही फळी तशीच!

चिरंजीवांनीं तीच जात विकत घेतली; रंग विचारलासुद्धां नाहीं. घरीं मातोश्रींनीं आधीं मनगट पाहिलें, मग फळी. आतां ती माजघरांत भिंतीशीं उभी आहे, आणि मुलें एकेक करून तिच्यापाशीं उभीं राहतात व आपली हनुवटी कोठवर आली तें पाहतात.