पहिलं पिवळं दूध

धाकट्या बहिणीला मुलगी झाली त्या रात्री दवाखान्यात एकच वाद : चिकाचं दूध बाळाला पाजायचं की पिळून टाकायचं? अम्मी म्हणाली, "जड असतं ते. आम्ही नाही दिलं कधी." गाईचा खरवस मात्र आमच्या घरी वाटीवरून भांडणं लावतो!

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून मला पुढे केलं. म्हटलं, अम्मी, या चिकात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं, लिटरमागे साधारण ५ ग्रॅम. पुढच्या दुधात ते बरंच घटतं. त्याचा एक रेणू लोहाचे दोन अणू धरून बसतो, जंतूंना लोह मिळू देत नाही. शिवाय काही जंतूंच्या आवरणातलं विषही ते पकडतं. एरवी हे विष भक्षक पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहीपर्यंत पोचतं आणि त्या पेशी दाहाचे निरोप धाडत सुटतात. लॅक्टोफेरिन आड आलं की हा गोंगाट कमी होतो.

"म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड दाबतं?"

जवळपास तसंच.

अम्मी थोडा वेळ गप्प होती. "तुम्हा तिघांचं मी फेकलं," ती हळूच म्हणाली. मग उठली, आणि बाळाला बहिणीच्या कुशीत दिलं.