बेटाचे काटे

आमच्या घरी सुपे-टोपल्या विणतात. त्यामुळे जंगल बुरुडांनी संपवले, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणूनच माधव गाडगीळ यांच्या बांबूवरील संशोधनाची हकिकत वाचली तेव्हा मनात घर करून राहिली.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकात बांबू झपाट्याने कमी होत होता. बुरूड कागदगिरण्यांना दोष देत, गिरण्या गावकऱ्यांना. सरकारने गाडगीळांना अभ्यास करण्यास सांगितले. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ केले की बांबू जोमाने वाढतो, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणत, काटे काढले की कोंब जगत नाहीत. गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी बेटांची पाहणी केली, नोंदी ठेवल्या. काटे काढलेल्या बेटांतले कोवळे कोंब गुरे आणि रानातले प्राणी खाऊन टाकत होते. गावकऱ्यांचेच खरे ठरले.

पण नोंदी झाल्या नसत्या, तर त्यांचे म्हणणे कोणी मानले असते का? मला शंका वाटते.

कोणता कळक तोडावा आणि कोणता राखावा, हे आमच्या वडिलांना नेमके ठाऊक आहे. वही घेऊन ते त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी, प्रयोगशाळा माझ्या वाट्याला नाही. पण लिहिता येणारा घरातला पहिला मीच आहे. या सुट्टीत सुरुवात करणार आहे.