घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आमच्या कंग्राळीत कुणी मोठ्यानं घोरू लागला की म्हणतात, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." बायकोला मात्र वेगळंच दिसलं. माझं घोरणं मध्येच थांबायचं, श्वासही थांबायचा आणि मग धाप लागल्यासारखा सुरू व्हायचा. दिवसा लॅपटॉपसमोर डुलक्या यायच्या. बेळगावहून दुचाकीवर परतताना डोळे मिटू लागायचे, आणि मागे लेक बसलेली असायची.

डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची चाचणी करायला लावली. तासाला 34 वेळा श्वास अडत होता. 30 च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. हा स्लीप ॲप्निया. 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा हे नाव बातम्यांत आलं होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये उपाय मांडला: मास्कमधून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवायची. तेच सीपॅप यंत्र.

इंजिनिअर असल्यानं मी यंत्रांचा तक्ता केला. पण निर्णय झाला तो पंधरा दिवस भाड्यानं वापरून. यंत्राइतकाच मास्क महत्त्वाचा. नाकानं श्वास घेणाऱ्याला नाकापुरता मास्क चालतो. झोपेत तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो. दाब किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरची सोय आधीच बघावी.

तुमच्या घरी बाबा, काका किंवा दादा असे अडखळत घोरत असतील तर हसण्यावारी नेऊ नका. एक रात्र जागून त्यांचा श्वास ऐका, आणि डॉक्टरांकडे न्या.