रंगाखालचा गंज

१९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही. उघड्या टपाच्या गाडीचा बराचसा भार दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या सिलवर असतो.

माझ्या गाडीचे सिल रंगाने चकाकत होते. स्क्रूड्रायव्हर टोचला, तो सरळ आत गेला. आधीच्या कुणीतरी नुसता फिलर भरला होता! रसायनशास्त्रात डॉक्टरेट असूनही, वरून रंग फासून वेळ मारून न्यावी असे मलाही वाटलेच. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठातले क्लोराइड रंगाखालीही पत्रा खातच राहते.

शेवटी गाडी मध्येच वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आधाराची पट्टी जोडली, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो आणि नवे सिल वेल्ड केले.

मोठे बदल न केलेल्या, चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. मी मात्र करून घेतली. शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते.