भुतांची निवड

भूत दिसणे हा दैवाचा भाग आहे. भूत निवडणे हे मात्र कमिटीचे काम आहे, असे आम्हांस गेल्या ऑक्टोबरात कळून चुकले. चेंबूरच्या आमच्या सोसायटीत काही वर्षांपासून महिनाअखेरीस मुलांचा हॅलोवीन होत असतो. लाल भोपळे कोरले जातात, जुन्या चादरी पांघरल्या जातात, आणि एरवी दार न उघडणारे शेजारी त्या संध्याकाळी चॉकलेटांची वाटी घेऊन उंबऱ्यात उभे राहतात. जुन्या तबकड्या आणि जुने बोलपट यांविषयी न विचारता बोलण्याची आम्हांस खोड आहे. तेव्हा त्या रात्रीसाठी गूढ गाण्यांची यादी करावी आणि एक जुना भुताचा चित्रपट नेमावा, अशी आज्ञा झाली. अटी दोनच: लहान मुलांनी रात्री अंथरुणात रडू नये, आणि ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद व्हावा.

हे खूळ परक्यांचे आहे, असा आक्षेप तिसऱ्या मजल्यावरून अर्थातच आला. आम्हांस तो पटला नाही. आमच्या चेंबूर गावठाणातले ख्रिस्ती शेजारी २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, आणि हॅलोवीन ही त्याच सणांच्या मालिकेतली पहिली रात्र होय. आम्ही स्वतः भाद्रपदात पितरांस जेवावयास बोलावतो, पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. दोन्हीकडे गेलेल्यांसाठी दारात काहीतरी ठेवावेच लागते. राहता राहिली भुते; त्यांच्या बाबतीत तर आम्ही कोणाचे ऋणी नाही. मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग, चकवा, ब्रह्मराक्षस अशी जातवार व्यवस्था ज्या कोकणाने लावून ठेवली, त्याला भोपळ्याची भीती कशाला घालावयाची? २०२४ साली तर ३१ ऑक्टोबर हाच नरकचतुर्दशीचा दिवस आला होता. गोव्यात आदल्या रात्री नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे रस्त्यारस्त्यांत उभे राहतात आणि पहाटेपूर्वी जळतात. असो. आक्षेपकांनी पुढे दोन वाट्या चॉकलेटे पाठविली.

यादीचा आरंभ १९४९ च्या 'महल'मधील लताबाईंच्या गाण्याने व्हावा, याविषयी दुमत नव्हते. ते गाणे ध्वनिमुद्रित होताना गाणारी दुरून जवळ येत आहे असा भास व्हावा, म्हणून मायक्रोफोन मध्यभागी ठेवून लताबाईंस कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत यावयास लावले होते. आजच्या यंत्रांस ही किमया बोट लावताच साधते. परंतु पावलांनी आणलेले अंतर आणि बोटाने आणलेले अंतर यांत कानास फरक जाणवतो, असे आमचे मत आहे. त्याहूनही मौजेची गोष्ट अशी की, त्या तबकडीवर गायिकेचे नावच नव्हते. चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव तेवढे छापले होते. श्रोत्यांनी रेडिओस पत्रे पाठवून ही गाणारी कोण, असा धोशा लावला. म्हणजे भुताने गाणे म्हटले आणि लोकांनी त्या भुताचा पत्ता विचारला! संगीतकार खेमचंद प्रकाश हे त्यानंतर वर्षाच्या आत, ऑगस्ट १९५० मध्ये, निवर्तले. आपण लावलेल्या झाडाचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्या महालात त्या आवाजामागे भटकणारे अशोककुमार पुढे आमच्या चेंबूरचेच रहिवासी झाले आणि १० डिसेंबर २००१ रोजी येथेच वारले.

'महल'मधल्या सावल्या टिपणारे छायाचित्रकार योसेफ विर्शिंग हे जर्मन होते. मालाडच्या बाँबे टॉकीजमध्ये ते हिमांशु राय यांच्या काळापासून होते. युद्धात इंग्रज सरकारने त्यांस स्थानबद्ध केले, आणि सुटून आल्यावर त्यांनी हा महाल उजेडापेक्षा अंधारानेच अधिक रंगविला. जर्मनीच्या १९२२ च्या 'नोस्फेरातु' या मूक चित्रपटाचे नावही मुलांनी सुचविले होते. लेखकाच्या विधवेने दावा लावल्यावर न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला होता, तरी तो उरलाच. एवढा चिवट पिशाच्च दुसरा सापडणार नाही. पण आमच्या लहानग्यांस दीड तास मौन झेपणारे नव्हते, म्हणून तो वगळला.

पुढची निवड सोपी वाटली. १९६२ चा 'बीस साल बाद', १९६४ चा 'वह कौन थी', मराठीत १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', ज्यात सुधीर मोघे यांच्या शब्दांस हृदयनाथांनी चाली दिल्या. 'वह कौन थी'मधील एका गाण्याच्या चित्रीकरणाच्या वेळी लताबाईंचे ध्वनिमुद्रण तयार नव्हते. म्हणून मदनमोहन यांनी स्वतःच्याच गळ्यातून ते भरून दिले, आणि साधनाबाई पुरुषी आवाजावर ओठ हलवू लागताच बघे चकित झाले, असे सांगतात. आमच्या मते त्या चित्रपटातला खरा भुताटकीचा प्रकार तेवढाच! कारण यादी करताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. 'महल'मधले भूत म्हणजे माळ्याची मुलगी. 'बीस साल बाद'मधले भूत म्हणजे माणसाचा सूड. 'वह कौन थी'मधले भूत म्हणजे इस्टेटीचा डाव. 'सावल्यां'चा खेळ अखेर मनाच्या दुखण्यात उलगडतो. शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी दिवा लावतो आणि भुताची वजाबाकी होते. गाण्यांची मात्र होत नाही. खुलासा ऐकूनही ते गाणे पुन्हा लागले की मानेवरचे केस उभे राहतातच. लताबाईंस फिल्मफेअरची गायनासाठीची पहिली दोन पारितोषिके मिळाली, ती १९५८ च्या 'मधुमती'तील आणि 'बीस साल बाद'मधील गाण्यांसाठी, म्हणजे दोन्ही वेळा रानात कोणासाठी तरी आर्त साद घालणाऱ्या अदृश्य बाईसाठी. हा आम्ही योगायोग मानीत नाही.

खुद्द चेंबूरचे असे काही असावे, म्हणून १९५१ च्या 'आवारा'मधील स्वप्नदृश्यही घेतले. आर. के. स्टुडिओ येथून हाकेच्या अंतरावर. आचरेकरांनी उभारलेला तो धुराचा स्वर्ग आणि ज्वाळांचा नरक भुताच्या जातीत बसत नाही खरा. पण १६ सप्टेंबर २०१७ च्या आगीत त्या स्टुडिओचा भाग आणि जपून ठेवलेले कपडेलत्ते जळाले, मागाहून जागाही विकली गेली, आणि मुलांस तो नरक कोठे होता हे दाखवावयास आता नव्या इमारतींकडे बोट करावे लागते.

चित्रपटाचा प्रश्न मात्र सुटेना. मोठी मुले रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'वर अडून बसली होती. इतक्यात आमच्याच मजल्यावरची अकरा वर्षांची एक मुलगी यादी पाहावयास आली. जुलै महिन्यात तिचे वडील गेले होते. तिने एकेक नाव वाचून विचारले, "आजोबा, ह्यातलं भूत शेवटी खरं असतं का?" आम्ही प्रत्येकास नाही म्हणत गेलो. ती म्हणाली, "मग खरं असलेला एकपण नाही?"

हा प्रश्न कोठून आला हे आम्हांस ठाऊक होते. दहाव्या दिवशी कावळा पिंडास लवकर शिवला नव्हता. काहीतरी मनात राहिले असावे, असे मोठी माणसे जिन्यात बोलली होती, आणि ते तिने ऐकले होते. जिन्यात बोलणाऱ्यांस मुलांचे कान दिसत नाहीत.

खरे भूत 'मधुमती'त आहे. 'महल'चे संकलन ज्यांनी केले, त्या बिमल रॉय यांनीच तो दिग्दर्शित केला. अपराध्याकडून कबुली काढण्यासाठी मधुमतीसारखी दिसणारी मुलगी तिचे सोंग घेऊन येणार असते. ती येते, बोलते, कबुली मिळते, आणि मग ती सोंग घेणारी मुलगी दारातून धावत येऊन उशीर झाल्याबद्दल क्षमा मागते. आधी येऊन गेली ती कोण, हे सांगावे लागत नाही. या भुतास कोणास भिववावयाचे नसते. एक गोष्ट सांगावयाची राहिलेली असते. परंतु त्याच वेळी नायक तिच्या मागोमाग गच्चीवर जातो आणि खाली पडून मरतो. हे त्या मुलीपुढे ठेवावे काय? आमच्या घरातून स्पष्ट विरोध झाला. आम्हांसही निर्णय होईना, म्हणून आम्ही तिच्या आईकडे गेलो आणि कथा शेवटापर्यंत सांगितली.

त्या बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा येतील का, असं ती रोज विचारते. नाही म्हटलं तरी विचारते, येतील म्हटलं तरी विचारते. मला उत्तर देऊन कंटाळा आला आहे. लावा तुम्ही. मी तिच्या शेजारी बसेन."

चित्रपट अडीच तासांहून मोठा, म्हणून साडेसहालाच गच्चीवर पडदा बांधला. गाण्यांची यादी त्याआधी मुलांच्या भोपळ्यांबरोबर उरकून घेतली. रामसेपंथीय मागच्या रांगेत कुरकुरत होते. मध्यंतरानंतर तेही गप्प झाले. दारातून ती दुसरी मुलगी धावत आली, तेव्हा पुढच्या रांगेतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला. गच्चीच्या प्रसंगी आम्ही पडद्याकडे न पाहता त्या दोघींकडे पाहत होतो. आईचा हात मुलीच्या खांद्यावर होता. मुलगी हलली नाही.

खुर्च्या आवरताना ती आमच्यापाशी आली. रडली असावी, पण चेहरा धुऊन आलेली होती. नायकाच्या मरणाविषयी ती काही बोलली नाही. "ती आली, तेव्हा त्याला कळलंच नाही ना, की हीच खरी आहे?" असे तिने विचारले. प्रथम कळले नाही, मग कळले, असे आम्ही सांगितले. तिने मान हलविली आणि पहिले, रानातले, गाणे पुन्हा लावता येईल का, अशी पृच्छा केली. घड्याळात दहाला पाव तास कमी होता. आम्ही लावले.