उप्सालातला बोअर

बोअर म्हटलं की आमच्या घरात अजूनही धास्ती वाटते. अथणी भागातल्या आमच्या कोरडवाहू शेतात वडिलांनी दोन बोअर मारले. दोन्ही कोरडे गेले, आणि त्यांचं कर्ज फेडण्यात आमची शाळेची वर्षं सरली. त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरात मी स्वीडनला धाकट्या भावाकडे गेलो आणि तो पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, ''दादा, नव्या घराला बोअर मारू या की नको, तूच सांग,'' तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाण्याला एवढा तोटा नसलेल्या देशात बोअर कशाला?

''पाण्यासाठी नव्हे रे, उबेसाठी!''

स्टॉकहोमच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर उप्साला हे गाव आहे. इथलं विद्यापीठ 1477 सालचं. आपण तापमान ज्याच्या नावाने मोजतो तो अँडर्स सेल्सियस इथेच खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. 1742 साली त्याने मांडलेल्या मोजपट्टीत पाणी उकळायचं शून्याला आणि गोठायचं शंभराला! पुढे ती उलटी केली गेली. थंडी मोजायची ही पट्टी जिथे तयार झाली त्या गावाबाहेर, गव्हाच्या शेतांच्या कडेला, भावाने जागा घेतली होती. नोव्हेंबर उजाडला तसा दुपारी चारलाच अंधार पडू लागला. अशा ठिकाणी घर बांधताना आधी विचार करायचा तो ऊब कुठून आणायची याचा.

यातलं तत्त्व आपल्याला नवं नाही. पहाटे थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि उन्हाळ्यात तेच गार, हे आपण लहानपणापासून अनुभवतो. पाणी तेच असतं, बदलते ती बाहेरची हवा. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. उप्सालात खाली ते साधारण सात-आठ अंश असतं. बाहेर उणे पंधरा असलं तरी खाली तेवढंच. आता सात अंशांनी घर कसं तापणार? इथे घरातला फ्रीज आठवावा. फ्रीज आतल्या गार वस्तूंतली उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हा 'हीट पंप' तसाच जमिनीतली उष्णता ओढतो आणि घरात सोडतो. नळीतून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण खाली जाऊन थोडं तापून येतं. त्या उष्णतेने यंत्रातला द्रव उकळतो, त्याची वाफ दाबली की ती तापते आणि फरशीखालच्या नळ्यांतलं पाणी गरम करते. एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळते.

1973 च्या तेलसंकटाने स्वीडनला हा मार्ग शोधायला लावला. तोवर तिथली बहुतेक घरं तेलाच्या भट्टीवर तापत. 1991 साली कार्बन कर आला आणि तेल आणखी महागलं. आज तिथे लाखो घरांखाली अशा नळ्या आहेत.

भावापुढे तीन पर्याय होते. पहिला, बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा पंप. तो स्वस्त, पण ऐन कडाक्यात, जेव्हा ऊब सर्वांत जास्त हवी तेव्हाच त्याचा दम कमी होतो. दुसरा, आवारात मीटरभर खोल चर खणून त्यात चारेकशे मीटर नळी पसरायची. तिथली ओलसर चिकणमाती त्याला उत्तम, कारण ओली माती कोरड्या वाळूपेक्षा उष्णता चांगली देते. पण सगळं आवार त्यात जातं आणि वर खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत. भावजय धारवाडची, तिला सफरचंदाची झाडं हवी होती. तिसरा पर्याय बोअर. एकूण खर्च दीड ते दोन लाख क्रोनर, आणि क्रोनर तेव्हा साडेसात रुपयांच्या आसपास.

माती जितकी खोल तितका बोअर महाग, कारण खडक लागेपर्यंत पोलादी केसिंग घालावं लागतं. शेजारच्या बोअरना किती खोलीवर खडक लागला, याची नोंद सरकारी भूगर्भ खात्याच्या दप्तरात कुणालाही पाहता येते. आपल्याकडे हेच काम नारळ हातात घेऊन फिरणारा माणूस करतो! दोन बोअरमध्ये वीस मीटर अंतर हवं, नाहीतर एकमेकांची उष्णता पळते. म्हणून नगरपालिकेला आधी कळवावं लागतं. आणि खोलीत काटकसर केली तर वर्षानुवर्षं जमीन गार होत जाते, मग यंत्र नुसत्या विजेवर घर तापवू लागतं आणि केलेली बचत बिलात जाते. 2022 च्या हिवाळ्यात मध्य आणि दक्षिण स्वीडनमध्ये विजेचे भाव कसे भडकले होते, हे भाऊ विसरला नव्हता.

आईला रात्री फोनवर सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, ''पैसे किती वर्षांत फिटतात?''

''दहा-बारा,'' भाऊ म्हणाला.

पलीकडे शांतता. पाच वर्षांत परत येतो, असं सांगून तो गेला होता. त्याला नऊ वर्षं झाली होती. थोड्या वेळाने आई म्हणाली, ''मारायचाच असेल तर चांगला खोल मार. तुझ्या बाबांनी पैसे पुरले नाहीत म्हणून मध्येच थांबवला होता.''

माझा सल्ला विचारायची वेळ त्यानंतर आलीच नाही.

बोअरची गाडी आली. आवाज अगदी आपल्यासारखाच, राखाडी चिखल तसाच उडत होता. आमच्या दोघांच्याही तोंडून निघालं, ''पाणी लागलं का?'' बोअरवाला हसला. पाणी लागलं तर चांगलंच, म्हणाला, नळीभोवती पाणी असेल तेवढाच भाग नीट उष्णता देतो, वरचा कोरडा भाग हिशेबात धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशे मीटर झाले. विजापूरचे चार गोलघुमट एकावर एक रचावेत एवढी ती खोली. पाणी आठ मीटरवर उभं राहिलं. भाऊ काही बोलला नाही, नुसता भोकाकडे बघत राहिला. बाबांची आठवण आम्हा दोघांनाही आली होती.

आपल्या बेळगावात घर तापवायची गरज नाही, तेव्हा हे यंत्र इथे आणा असं मी म्हणणार नाही. पण घराचा नकाशा काढण्याआधी जमिनीला विचारायचं आणि शेजाऱ्याच्या बोअरचा विचार करून आपला मारायचा, हे मात्र घेण्यासारखं आहे.

2025 च्या जानेवारीत आई तिथे गेली. बाहेर उणे दहा होतं. आल्याआल्या तिने मोजे काढले आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली. ''अत्ती, हेंग ऐती?'' सुनेने विचारलं. आईचं कन्नड मोडकंतोडकं. ''बेच्चग ऐती,'' ती म्हणाली.

तू परत कधी येणार, हे तिने त्या मुक्कामात एकदाही विचारलं नाही, असं भावाने नंतर मला फोनवर सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जड झाला होता.