मा, मि, मु, मे, मो

जपानी क्रियापदांची रूपं मोठ्यानं म्हणावीत. नुसती डोळ्यांखालून घातली तर ती तक्त्यातच राहतात. ‘योमु’ हे वाचण्याचं क्रियापद घ्या. योमानाइ, योमिमासु, योमु, योमेबा, योमोऽ. वाचत नाही, वाचतो, पण अदबीनं सांगितलेलं, घरच्या बोलीतलं साधं वाचतो, वाचलं तर, आणि चल, वाचू या. दोन-चारदा म्हटलं की ‘यो’ जागच्या जागी राहतो आणि पुढचं अक्षर तेवढं हलतं: मा, मि, मु, मे, मो. लहानपणी बाराखडी म्हटलेल्या कुणालाही हा ताल ओळखीचा वाटेल.

ही ओळख खरीच जुनी आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी पूर्वेकडे गेली आणि तिच्याबरोबर संस्कृत वर्णांची शिस्तही गेली. कुकाइ हा भिक्षू 806 मध्ये चीनहून जपानला परतला, तेव्हा त्याच्या सामानात संस्कृत ग्रंथही होते. जपानी अक्षरांचा तक्ता आजही आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा उतरत जातो. यातल्या ‘हा’च्या जागी फार पूर्वी ‘पा’चा उच्चार होता, हे कळलं की, ‘सा’ तेवढा सोडला तर, क, त, न, प, म, य, र, व हा आपलाच क्रम समोर उभा राहतो. ‘योमु’सारख्या क्रियापदांना पाच पायऱ्यांची क्रियापदं म्हणतात, ती याच तक्त्यावरून. पूर्वी पायऱ्या चारच धरत. 1946 मध्ये लेखनाचे नियम उच्चाराप्रमाणे बदलले, तोवर ‘योमाउ’ असं लिहिलं जाणारं रूप ‘योमोऽ’ असं लिहू लागले, आणि पाचवी पायरी कागदावर आली.

ही रूपं पद्धतशीर लावून देणाऱ्यांत मोतोओरि हारुनिवाचं (1763–1828) नाव फार आदरानं घ्यावं लागतं. थोर विद्वान मोतोओरि नोरिनागाचा हा मुलगा. ऐन तिशीत त्याची दृष्टी गेली. तरी घरच्यांच्या मदतीनं त्यानं जुन्या वाङ्मयातली क्रियापदं निवडून त्यांचे वर्ग पाडले, आणि 1808 मध्ये त्याचं ‘कोतोबा नो याचिमाता’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. ज्याला तक्ता दिसणार नव्हता, त्यानंच तक्त्याची मांडणी केली. वहीत रूपं उतरवून काढताना मला या माणसाची आठवण येते, आणि मग पेन खाली ठेवून म्हणून पाहावंसं वाटतं.

म्हणायला खरी लज्जत येते ती ‘ते’ रूपाची. त्यासाठी मी कडीत ओवलेली छोटी कार्डं वापरते. एका बाजूला मूळ क्रियापद, मागे त्याचं रूप. योमु, योन्दे. काकु, काइते. ओयोगु, ओयोइदे. मात्सु, मात्ते. हानासु, हानाशिते. शेवटचं अक्षर बघून नियम लावायचा, आणि तो लावताना थांबायचं नाही. ‘इकु’, म्हणजे जाणं, तेवढं नियम सोडून ‘इत्ते’ होतं. ‘नु’नं संपणारं क्रियापद आजच्या प्रमाण जपानीत एकच, ‘शिनु’, मरणं. त्याचा सबंध गट त्याच्या एकट्यासाठी. आणि ‘किरु’ची दोन कार्डं आहेत. एक किरु म्हणजे कापणं, दुसरं किरु म्हणजे कपडे घालणं. उच्चारात आघाताचा काय तो फरक. पण कापण्याचं ‘कित्ते’ होतं आणि घालण्याचं ‘किते’. तो अर्धा त जिभेला जाणवेपर्यंत ही दोन कार्डं एकमेकांपासून वेगळी होत नाहीत.

हे ‘ते’ रूप हाताशी आलं की मराठी माणसाला घरी आल्यासारखं होतं. आपण खाऊन पाहतो, लिहून ठेवतो, घेऊन येतो. जपानी माणूसही ‘ताबेते मिरु’ म्हणतो तेव्हा खाऊन पाहतो, ‘काइते ओकु’ म्हणतो तेव्हा पुढे लागेल म्हणून लिहून ठेवतो, आणि ‘मोत्ते कुरु’ म्हणतो तेव्हा घेऊन येतो. पाहणं, ठेवणं, येणं ही क्रियापदं दोन्हीकडे आपलं मूळ काम सोडून दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला धावतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी यायचं, हाही दोन्ही घरचा रिवाज एकच.

फरक आहे तो क्रियापदाची नजर कुणाकडे असते, यात. आपलं क्रियापद कर्त्याकडे बघतं: तो वाचतो, ती वाचते, ते वाचतात. भूतकाळात ते कर्माकडे वळतं: पुस्तक वाचलं, पोथी वाचली. जपानी क्रियापदाला यातलं काही नको. मी, तू, ती, ते, सगळ्यांना एकच ‘योमिमासु’. मात्र ऐकणारा बदलला की ते बदलतं. समोर परका किंवा वडीलधारा असेल तर ‘योमिमासु’, घरचा किंवा जिवलग असेल तर ‘योमु’. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मिन्ना नो निहोन्गो’ या पाठ्यपुस्तकात क्रियापदं आधी ‘मासु’ लावूनच शिकवतात. ‘ते’ रूप चौदाव्या धड्यात येतं आणि शब्दकोशातलं मूळ रूप थेट अठराव्यात. जपानी मूल आईच्या कडेवर साधं रूप आधी ऐकतं, अदब नंतर शिकतं. बाहेरून येणाऱ्याला आधी परक्यांशीच बोलायचं असतं, म्हणून त्याला अदब आधी. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते.

आमच्या पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वर्दळ मोठी. जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटी परीक्षेआधी कुणाच्या ना कुणाच्या हातात शब्दांची यादी दिसतेच. या परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं. दिलेल्या पर्यायांतून बरोबर तो निवडायचा. त्यामुळे रूप ओळखता आलं की आलंच, अशी समजूत सहज होते. पण ओळखणं निराळं आणि वेळेवर तोंडी येणं निराळं. घोकंपट्टी हा शब्द आपण हल्ली नाक मुरडून उच्चारतो, आणि न समजता केलेल्या घोकण्याबद्दल ते रास्तही आहे. इथे मात्र नियम समजायला एक संध्याकाळ पुरते. पुढचं सगळं काम घोकण्याचंच असतं.

कारण जपानी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. नकार, भूतकाळ, इच्छा, शक्यता, विनंती, सगळं क्रियापदाच्या शेपटीला लागलेलं. ‘ताबेताइ’ म्हणजे खायचं आहे, ‘ताबेताकुनाइ’ म्हणजे खायचं नाही, ‘ताबेताकुनाकात्ता’ म्हणजे खायचं नव्हतं. ऐकणारा शेवटच्या अक्षरापर्यंत कान देऊन थांबलेला असतो. त्या वेळी मनातल्या मनात तक्ता धुंडाळत बसणं म्हणजे त्याला ताटकळत ठेवणं. रोज संध्याकाळी कार्डं उलटताना मी उद्या भेटणाऱ्या कुणाचा तरी तो वेळ वाचवत असते. घोकण्याची मेहनत आपली असली तरी ती करायची समोरच्यासाठी. एवढं मनाशी पक्कं झालं की ‘ताबेसासेरारेनाकात्ता’सारखं, खायला लावलं गेलं नाही असं सांगणारं लांबलचक रूपही जड वाटत नाही. तेही मोठ्यानंच म्हणावं, आणि पुन्हा एकदा म्हणावं.